सात बाय नऊच्या स्वयंपाकघरात दिवे कुठे आणि कसे लावावेत?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. स्वयंपाकघर ७ बाय ९ फुटांचं, लांब भिंतीला काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, वर कपाटं, मधे चिमणी, समोरच्या भिंतीला फ्रिज आणि दोघांपुरतं घडीचं टेबल. छताच्या मधोमध एकच ट्यूब. दिवसा ड्राय बाल्कनीकडून येणाऱ्या उजेडावर भागतं, पण संध्याकाळी चिरताना-निवडताना नीट दिसत नाही, सासूबाईंना तर फारच त्रास होतो. घर नवं आहे, तेव्हा स्वयंपाकघर दिसायलाही प्रसन्न हवं. इंटिरिअरवाल्यांनी फॉल्स सीलिंग करून सहा स्पॉट लावायला सांगितलंय, तुमच्या मनात हँगिंग लाइट आहे, आणि एवढ्या लहान जागेत नक्की काय शोभेल ते ठरत नाहीये.

मी पुण्यात राहत्या घरांच्या प्रकाशयोजनेचं काम करते आणि त्यातलं बरंचसं अशाच लहान फ्लॅटमधलं असतं. माझं मत आधीच सांगते: फॉल्स सीलिंगचे पैसे वाचवा. वरच्या कपाटांखाली ओट्यासाठी दिवे लावा, मधली ट्यूब चांगल्या बॅटनने (म्हणजे आतच एलईडी बसवलेल्या सलग पट्टीदिव्याने) बदला आणि शोभेसाठी एकच दिवा मन लावून निवडा. भरपूर उजेड आणि सुंदर दिसणं या दोन वेगळ्या खरेद्या आहेत असं आपण धरून चालतो आणि तिथेच घोटाळा होतो. लहान स्वयंपाकघरात दिवा योग्य जागी लागला की निम्मी शोभा त्यातच येते. चुकीच्या जागी लागलेला महागडा दिवा मात्र डोळ्यांवर येतो आणि ओटा अंधारातच ठेवतो.

आज रात्री एक करून पाहा. ट्यूब लावून ओट्यापाशी नेहमीसारख्या उभ्या राहा आणि भाजी चिरायला घेतल्यासारखे हात पुढे करा. जिथे सुरी चालणार, नेमकी तिथेच तुमच्या डोक्याची आणि खांद्यांची सावली पडलेली दिसेल. ट्यूब तुमच्या पाठीशी आहे आणि तिच्या नि ओट्याच्या मधे तुम्ही उभ्या आहात. शिवाय वरची कपाटं भिंतीपासून १२-१४ इंच पुढे आलेली असतात, त्यामुळे ओट्याच्या आतल्या अर्ध्या भागावर त्यांची सावली वेगळी. मोठ्या वॅटची ट्यूब आणली तर खोली जास्त उजळेल, सावली जिथल्या तिथेच राहील. ‘ट्यूब बदलली तरी फरक पडला नाही’ ही तक्रार मी घरोघरी ऐकते, तिचं कारण हेच.

थोडा हिशेब करू, म्हणजे कुठे किती कमी पडतंय ते कळेल. ७ बाय ९ म्हणजे ६३ चौरस फूट, सुमारे ५.९ चौरस मीटर. दिव्यातून बाहेर पडणारा उजेड लुमेनमध्ये मोजतात आणि एका चौरस मीटरवर एक लुमेन पडला की तो एक लक्स. २० वॅटच्या चांगल्या एलईडी बॅटनमधून सुमारे २००० लुमेन निघतात. भिंती, कपाटं, छत यांत त्यातला अर्धा जिरतो असं धरलं तरी खोलीभर १७० लक्सच्या आसपास मिळतात. वावरायला, डबे शोधायला, ताटं वाढायला एवढे पुरेत. चिरायला, तांदूळ-डाळ निवडायला, पालेभाजीतली अळी दिसायला मात्र ओट्यावर ३०० ते ५०० लक्स हवेत, आणि वय झालेल्या माणसाला त्याहून जास्त. साठीतल्या डोळ्यांच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्यांच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो. बाहुली लहान राहते, आतलं भिंग पिवळसर होतं. सासूबाई म्हणतात ते अगदी खरं आहे, आणि या घरात दिवे निवडताना त्यांचे डोळे प्रमाण धरावेत असं मला मनापासून वाटतं. त्यांना नीट दिसलं की सगळ्यांनाच दिसेल.

खरेदीआधीचं एक फुकटचं काम: सध्याची ट्यूब काढून कोमट साबणपाण्याच्या घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा आणि पूर्ण कोरडी करून परत लावा. फोडणीचा धूर नि तेलाची वाफ यांचा चिकट थर तिच्यावर साचतो, त्यावर धूळ बसते. वर्षभर न पुसलेली ट्यूब पुसल्यावर किती फरक पडतो ते पाहून लोक चकित होतात. टोकं काळवंडलेली जुन्या प्रकारची ट्यूब असेल तर पुसत बसू नका, थेट बदला.

आता मुख्य काम, ओट्यावरचा उजेड. वरच्या कपाटांच्या तळाला एलईडी पट्टी लावायची. ती कुठे लावायची यावर सगळं अवलंबून आहे, आणि नव्वद टक्के ठिकाणी ती चुकीच्या जागी लागलेली दिसते. सुतार आणि वायरमन ती मागे, टाइल्सना खेटून लावतात, कारण तिथे वायर लपवणं सोपं जातं. मग टाइल्स झगमगतात, फोटो छान येतो आणि सुरी चालते ती पुढची जागा तशीच राहते. पट्टी कपाटाच्या पुढच्या कडेला हवी, तोंड किंचित भिंतीकडे कललेलं. मग उजेड तुमच्या पुढून येतो, हातांची सावली तुमच्याच बाजूला पडते आणि मागच्या टाइल्सही आपोआप उजळतात. पुढे लावली की डोळ्यांना लागते अशी भीती घालतात. त्यावर उपाय साधा आहे: शटर कपाटाच्या तळापेक्षा पाऊण-एक इंच खाली उतरवून घ्या, किंवा तेवढ्याच उंचीची एक पट्टी पुढे मारून घ्या. दिवा त्यामागे लपतो. मात्र टेबलापाशी बसलेल्या माणसाची नजर खालून जाते, तेव्हा एकदा खुर्चीत बसूनही तपासा.

नुसती पट्टी चिकटवू देऊ नका. ॲल्युमिनिअमचं प्रोफाइल, म्हणजे पट्टी बसवायची खाच, आणि त्यावर दुधी झाकण, दोन्ही हवं. एलईडीचा जीव गरमीने जातो आणि ॲल्युमिनिअम ती गरमी ओढून घेतं. झाकणामुळे तेलाचा थर पट्टीवर बसत नाही, फडक्याने पुसलं की झालं. तुमच्या बाबतीत झाकणाचं तिसरं कारण म्हणजे काळा ग्रॅनाइट. पॉलिश केलेला काळा दगड आरशासारखा वागतो, आणि उघडी पट्टी असेल तर ओट्यात ठिपक्यांची रांग चमकताना दिसते, दर वेळी मान वाकवली की डोळ्यात. दुधी झाकणाखाली मीटरला निदान १२० एलईडी असलेली पट्टी घ्या, किंवा सीओबी नावाने मिळते ती सलग उजेडाची पट्टी घ्या. तिच्यात ठिपके दिसतच नाहीत.

काळा ओटा उजेड गिळतोही. पांढऱ्या किंवा फिकट रंगाच्या ओट्यावर जेवढ्याने भागतं त्यापेक्षा इथे जास्त लागतं. ओटा बदलायला मी सांगणार नाही, काळा ग्रॅनाइट वापरायला उत्तम आहे. पण मागच्या डॅडो टाइल्स अजून लागायच्या असतील तर फिकट आणि कमी चकाकीच्या निवडा, म्हणजे ओटा जे गिळतो त्यातलं बरंच त्या परत देतील. गडद राखाडी किंवा काळी-सोनेरी टाइल शोरूममध्ये देखणी दिसते कारण तिथे डोक्यावर वीस दिवे असतात.

मापं अशी धरा. ९ फुटांच्या भिंतीतून चिमणीचे २ फूट वजा केले की ७ फूट उरतात, म्हणजे सुमारे २.१ मीटर. मीटरला १० वॅटची पट्टी घेतली की एकूण २१ वॅट. ड्रायव्हर, म्हणजे घरची वीज पट्टीला चालेल अशी कमी व्होल्टची करून देणारा डबा, नेहमी वीसेक टक्के मोठा घ्यायचा, तेव्हा ३० वॅटचा. १२ व्होल्ट आणि २४ व्होल्ट असे दोन प्रकार मिळतात. शक्यतो २४ चा घ्या, लांब वायरीत उजेड तितका कमी पडत जात नाही. चिमणीमुळे पट्टीचे दोन तुकडे होतील. त्यांना जोडणारी वायर कपाटांच्या वरून न्यावी, शेगडीच्या मागून किंवा चिमणीच्या पाइपाला टेकून नेऊ नये. पट्टीही चिमणीच्या बाजूला सहा इंच आधीच थांबवा, तिथे वाफ आणि गरमी दोन्ही जास्त. शेगडीवर चिमणीचे स्वतःचे दिवे असतातच. सिंकच्या वर येणारा तुकडा आयपी ६५ चा, म्हणजे शिंतोडे सोसणारा घ्या.

एवढा खटाटोप नको असेल तर टी५ बॅटन, म्हणजे बारीक जाडीची बॅटन, हा स्वस्त आणि खणखणीत पर्याय आहे. १ फूट, २ फूट अशा लांबीत मिळते, २ फुटी बॅटन साधारण १० वॅटची असते, एकाला एक जोडताही येते. ड्रायव्हर आतच असल्यामुळे वेगळी जागा लागत नाही. प्रोफाइलइतकी नाजूक दिसत नाही, पण शटरमागे लपली की काय फरक पडतो? हाताशी पैसे कमी असतील तर मी बेधडक हीच लावायला सांगते.

भिंतीत ड्रिल मारण्याआधी दोन संध्याकाळी तात्पुरती चाचणी घ्या. एक टी५ बॅटन आणि प्लगची वायर आणून कपाटाच्या पुढच्या कडेला टेपने चिकटवा आणि रोजचा स्वयंपाक करा. मग ती मागे टाइल्सजवळ नेऊन पाहा. सासूबाईंना विचारा. एवढ्याने जे कळतं ते कुठल्याही थ्रीडी चित्रातून कळत नाही.

उजेडाच्या रंगाबद्दल आता जरा सविस्तर, कारण शोभा खरं तर इथे ठरते. हा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा लहान तितका उजेड पिवळा, मोठा तितका निळसर. दुकानात आजही पहिल्यांदा ६५०० केल्विनचा निळसर पांढरा दिवा पुढे करतात, कारण शेजारी-शेजारी लावल्यावर तोच जास्त लख्ख वाटतो. स्वयंपाकघरात मात्र त्याने स्टीलची भांडी निळसर दिसतात, चेहरे उतरलेले वाटतात, आणि पावसाळ्यात खिडकीतून पाखरं त्याच्याकडे जास्त येतात. पाखरांमागून पाली. दुसऱ्या टोकाला २७०० केल्विनचा पिवळा उजेड जेवणाच्या टेबलावर सुरेख, पण ओट्यावर त्यात हळद आणि बेसन एकाच रंगाचे दिसायला लागतात. ओट्यासाठी आणि छताच्या बॅटनसाठी ४००० केल्विन घ्या, दुकानदार त्याला नॅचरल व्हाइट किंवा न्यूट्रल म्हणतात. शोभेचा दिवा ३०००. या दोन रंगांची संगत जमते. ६५०० आणि २७०० एकाच खोलीत एकत्र आले की भिंतीचा रंग एका बाजूला निळा, दुसऱ्या बाजूला मळका वाटतो आणि नवा रंग दिलेलं घरही जुनं दिसतं.

केल्विनहून महत्त्वाचा, आणि दुकानात कुणी विचारत नाही असा आकडा म्हणजे सीआरआय. दिव्याखाली वस्तूंचे रंग किती खरे दिसतात त्याचं हे माप, १०० पैकी. पांढऱ्या एलईडीच्या पोटात निळा दिवा असतो. (याच निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.) त्यावरचा फॉस्फरचा लेप निळ्यातला काही उजेड पिवळ्या-तांबड्यात बदलतो. लेप हलक्या दर्जाचा असला की तांबडा रंग कमी पडतो, आणि आपल्या स्वयंपाकात नेमका तांबड्याचाच कारभार आहे. कांदा गुलाबी झाला की तांबूस, मसाला नीट भाजला की करपला, शेंगदाण्याचं कूट किती खरपूस, सगळं रंगावरून ठरतं. मासे खाणाऱ्या घरात तर कल्ले लालभडक आहेत की काळपटायला लागलेत हे ओट्यावरच पाहिलं जातं. ओट्यासाठी सीआरआय ९० च्या वरचाच घ्या. ८० वाला स्वस्त असतो आणि छताच्या बॅटनला चालेल, ओट्याला नको. हा फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर दुकानात जाताना एक पिकलेला टोमॅटो आणि थोडी कोथिंबीर घेऊन जा आणि दोन्ही दिव्यांखाली धरा. दुकानदार हसला तरी हरकत नाही.

फॉल्स सीलिंगबद्दल. ९ फुटांचं छत सहा इंच खाली आलं की लहान खोली आणखी बसकी होते. जिप्समच्या बोर्डावर तेलाची वाफ बसून वर्ष-दोन वर्षांत पिवळे डाग दिसू लागतात. आणि सहा स्पॉट समान अंतरावर लावले की त्यातले बहुतेक तुमच्या डोक्यामागेच येतात, म्हणजे एका सावलीऐवजी चार सावल्या. स्पॉट हवेच असतील तर ते सीलिंगशिवाय, छताला बाहेरून बसणारे मिळतात. त्यांची रांग भिंतीपासून साधारण दोन फुटांवर, ओट्याच्या कडेच्या बरोबर वर घ्या. त्याहून आत घेतले तर कपाटांच्या शटरवर उजेडाचे कमानीसारखे पट्टे पडतात, बाहेर घेतले तर परत सावली. छताला पंखा असेल तर स्पॉटचा विचारच सोडा. पाती दिव्याखालून फिरली की सगळ्या खोलीत उजेड लपलपतो, आणि सुरी हातात असताना तो त्रास फार वाईट.

हँगिंग लाइटची तुमची इच्छा मात्र मला आवडली, आणि तुमच्याकडे तिच्यासाठी जागा आहे: घडीच्या टेबलावर. लहान स्वयंपाकघरात शोभेचा दिवा अशा ठिकाणी असावा जिथे माणूस बसतो, कारण तिथेच तो निवांत पाहिला जातो. टेबलाच्या पृष्ठभागापासून दिव्याचा तळ २८ ते ३२ इंचांवर ठेवा, म्हणजे समोरासमोर बसल्यावर चेहरे दिसतात आणि दिवा डोळ्यात येत नाही. पण टेबल घडीचं आहे. ते मिटल्यावर दिव्याखालून ये-जा होणार, म्हणून एक तर भिंतीपासून पुढे काढलेल्या ब्रॅकेटवर दिवा घ्या, किंवा वायर वर-खाली होणारा घ्या. कायम येण्या-जाण्याच्या वाटेवर लटकणाऱ्या दिव्याचा तळ सात फुटांच्या खाली नसावा.

आकार लहानच ठेवा. दोघांच्या टेबलावर ६ ते ८ इंचांचा एक दिवा पुरे, तिनाची रांग हॉटेलच्या काउंटरला शोभते. आत ५ वॅटचा, ३००० केल्विनचा बल्ब. उघड्या बल्बचे, आतली तार दिसणारे दिवे सध्या फार चालतात. त्यांचा सोनेरी रंग मलाही आवडतो, पण एवढ्या लहान खोलीत ते नजरेच्या रेषेत येतात आणि म्हाताऱ्या डोळ्यांना त्यांची चमक असह्य होते. दुधी काचेचा गोळा लावा. त्यातून उजेड सगळीकडे सारखा पसरतो, छतही हलकंसं उजळतं आणि खोली मोठी भासते.

दिवा कशाचा बनलाय हे इथे हॉलपेक्षा फार महत्त्वाचं. बांबूच्या, वेताच्या, दोऱ्याच्या विणकामाच्या शेड सुंदर असतात, पण त्या हॉलमध्ये लावा. स्वयंपाकघरात चार महिन्यांत त्यांच्या प्रत्येक विणीत तेल-धूळ बसते आणि ती कशानेच निघत नाही. नक्षीची जाळी कापलेल्या पितळी दिव्यांचंही तेच, शिवाय त्यांची नक्षीदार सावली ओट्यावर पडली की काम करणं अवघड. गुळगुळीत काच, पावडर कोटिंग केलेला पत्रा, चिनी माती, हे एका फडक्यात पुसलं जातं. आपल्या मातीतलं काही हवं असेल तर मठारलेल्या तांब्याची शेड पाहा. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत हातोडीने ठोके देऊन घडवायचं हे काम आजही चालतं. मठारलेल्या तांब्याच्या आत उजेड पडला की प्रत्येक ठोका वेगळा चमकतो, आणि पांढऱ्या बल्बलाही ऊब येते. वर लॅकर मारून घ्या, नाहीतर तांबं काळं पडत जाईल आणि लिंबू-मिठाने घासत बसावं लागेल.

हँगिंग लाइट नकोच असं ठरलं तर शोभेची दुसरी उत्तम जागा म्हणजे काचेचं शटर. एक कपाट काचेचं असेल आणि त्यात आजीची पितळी भांडी, चिनी मातीच्या बरण्या ठेवल्या असतील तर आतल्या दोन्ही उभ्या कडांना ३००० केल्विनची बारीक पट्टी लावा. वरून एकच दिवा लावला तर फक्त पहिला खण उजळतो, कडांना लावली की सगळे. प्लास्टिकचे डबे आणि मॅगीची पाकिटं असलेल्या कपाटात मात्र दिवा लावू नका.

देवघर स्वयंपाकघरातच असेल, जसं आपल्याकडे पुष्कळ घरांत असतं, तर मी शोभेचा दिवा तिथेच लावेन आणि बाकी काही करणार नाही. मूर्तींच्या पुढून, वरच्या कोपऱ्यातून ३ वॅटचा २७०० केल्विनचा एक लहान स्पॉट. मागून उजेड दिला तर देवांचे चेहरे काळे दिसतात. समईची काजळी आणि ज्योतीची धग जाते त्या सरळ रेषेत दिवा किंवा वायर नको.

पायाशी, ट्रॉल्यांच्या खाली लावलेली सेन्सरची पट्टी मला मनापासून आवडते. रात्री पाणी प्यायला आलं की हलका उजेड आपोआप लागतो, मोठी ट्यूब लावून झोपमोड होत नाही, वयस्कर माणसाला जमीन दिसते. फरशी पाण्याने धुतली जाते, तेव्हा ती १२ किंवा २४ व्होल्टचीच, आयपी ६५ ची आणि जमिनीपासून निदान तीन-चार इंच वर असावी. रंग बदलणाऱ्या रिमोटच्या पट्ट्या मात्र नको. निळ्या-जांभळ्या उजेडात अन्न खावंसं वाटत नाही, आणि दोन आठवड्यांत तो रिमोट ड्रॉवरमध्ये जातो.

खरेदीला पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लोहार चाळ. एकाच ठिकाणी दहा दुकानांत फिरून तुलना करता येते. वॅट विचारू नका, लुमेन विचारा. दोन बॅटन २० वॅटच्याच असतील तरी एकीचे १६०० लुमेन आणि दुसरीचे २२०० असू शकतात. खोक्यावर केल्विन, सीआरआय आणि बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण, तिच्यासोबत ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का पाहा. निदान दोन वर्षांची हमी छापील हवी. मग फोनचा कॅमेरा स्लो मोशनवर ठेवून लागलेल्या दिव्याचा व्हिडिओ काढा. उजेड धडधडताना दिसला तर ड्रायव्हर हलका आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही, पण तासभर काम केल्यावर डोकं जड होतं.

विजेच्या खर्चाची काळजी करू नका. ओट्याची २१ वॅटची पट्टी रोज ४ तास चालली तरी महिन्याला अडीच युनिटच होतात.

वायरमन यायच्या आधी बटणांचं ठरवून ठेवा. छताची बॅटन, ओटा, शोभेचा दिवा, प्रत्येकाचं बटण वेगळं. ओट्याचं बटण ओट्यापाशीच असावं, पण सिंकपासून लांब, ओला हात सहज जाणार नाही असं. ड्रायव्हरसाठी कपाटांच्या वर, चिमणीपासून दूर एक प्लग पॉइंट काढून घ्या. ड्रायव्हर प्लायच्या मागे कायमचा बंद करू देऊ नका: त्याला हवा लागते, उबदार बंद जागेत झुरळं घर करतात, आणि तो बिघडला तर कपाट फोडावं लागतं. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. मुख्य बोर्डात ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारी कळ) आहे का तेही याच वेळी पाहून घ्या, पाण्याजवळच्या कुठल्याही विजेच्या कामाला ती हवीच.

हे वाचून कुणी भाड्याच्या किंवा जुन्या घरातून विचारेल म्हणून थोडं त्यांच्यासाठी. वर कपाटं नसतात, ओट्यावर सात फुटांवर सिमेंटचा माळा असतो आणि तो ट्यूबचा उजेड अडवतो. तिथे माळ्याच्या तळाला, पुढच्या कडेजवळ ४ फुटी टी५ बॅटन लावा. मांडणी असेल तर तिच्या खालच्या फळीखाली २ फुटी. प्लगची वायर लावून, चिकटपट्टी आणि क्लिपवर बसवली तर घर सोडताना काढून नेता येते. चार्जिंगचे चुंबकवाले सेन्सर दिवे कपाटाच्या आत ठीक, ओट्यावर ते कमी पडतात.

पैसे एकदम घालायचे नसतील तर क्रम असा ठेवा: आधी ओट्याची पट्टी, मग छताची बॅटन, आणि या दोन्हींबरोबर महिनाभर राहिल्यावर शोभेचा दिवा. तोवर टेबल नक्की कुठे उघडतं, कोण कुठे बसतं हे तुम्हाला कळलेलं असेल. वायर मात्र तिघांचीही आत्ताच टाकून घ्या. काम संपलं की ड्रायव्हरवरचा व्होल्ट, वॅट आणि मॉडेलचा आकडा लिहून बिलासकट कपाटाच्या शटरच्या आतल्या बाजूला चिकटवा. पट्टीच्या आधी बहुधा ड्रायव्हरच जातो, आणि तो नेमका तसाच आणावा लागतो.